झोपेचे देणे

आपल्या घरांतून झोपेविषयी बोलले जाते ते बहुधा रागाने. उशिरा उठणारा मुलगा आळशी, दुपारी आडवी झालेली सून कामचुकार, मिस्सेत डुलकी घेणारा म्हातारा चेष्टेचा विषय. सात प्रमुख पापांत आळसाची गणना होते हे आम्ही लहानपणीच पाठ केले. आळस आणि झोप या भिन्न गोष्टी आहेत, हे मात्र फारसे कोणी सांगितले नाही. (बाळ येशूची संत तेरेसा प्रार्थनेच्या वेळी झोपी जाई व तिने ते स्वतःच लिहून ठेवले आहे, हे चेष्टा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.)

भंडारा जिल्ह्यात या प्रश्नाला निराळी धार येते. हा धानाचा मुलूख. वैनगंगा आहे, जुने मालगुजारी तलाव आहेत, बोड्या आहेत. तरी उन्हाळी धानाची भिस्त पुष्कळ ठिकाणी विहिरीवर वा बोअरवर, म्हणजे विजेवर असते. शेतीपंपांची लाईन वर्षानुवर्षे पाळीपाळीने मिळत आली: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य शासनाने २०१७ साली सौर वाहिनीची योजना आणली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा सुरू केला. जेथे तिचा लाभ पोहोचलेला नाही तेथे रात्रीच्या पाळीत शेतकरी बॅटरी व फावडे घेऊन बांधीवर जातो. मोटार आपोआप सुरू करणारे यंत्र बाजारात मिळते. पण फुटलेला बांध ते लिंपत नाही. पायाखाली साप असू शकतो, ओल्या हाताने स्टार्टरला हात लागू शकतो. पहाटे तो घरी येतो तेव्हा गुरे सोडायची असतात.

ही तूट दिवसा सहजी भरून निघत नाही. शरीराचे घड्याळ उजेड-अंधारावर चालते. दिवसाची झोप अपुरी व तुटक होते. सतरा-अठरा तास सलग जागलेल्या माणसाची सावधता थोडी दारू प्यालेल्या माणसाइतकी उतरते, असे प्रयोगांत आढळले आहे. झोपेची तूट वर्षानुवर्षे राहिली तर रक्तदाब व मधुमेह यांचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीच्या कामाला संभाव्य कर्करोगकारक ठरविले. रुग्णालयातील परिचारिकेचे आणि कारखान्यातील कामगाराचे शरीरही याच नियमाने चालते.

पण आम्हांस अधिक छळतो तो दुसरा प्रश्न. असा माणूस घरात चिडतो, मुलावर हात उगारतो, पत्नीला टाकून बोलतो आणि मग पापनिवेदनाला येऊन रागाचे पाप कबूल करतो. त्या रागात त्याचा वाटा किती आणि वेळापत्रकाचा किती? हात त्याचाच होता, म्हणून त्याचा वाटा शून्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु उरलेला वाटा कबूल करायला त्या जाळीपाशी कोणीच येत नाही. त्याच रात्री पिकलेला भात आपण सारेच जेवतो.

पवित्र शास्त्राने या बाबतीत झोपेची बाजू घेतली आहे. निर्गमाच्या ग्रंथात सावकाराला आज्ञा आहे की, गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर ते सूर्यास्तापूर्वी परत करावे. कारण त्याच्या निजण्याला दुसरे काही नाही. कर्ज फिटलेले नसते, व्यवहार सावकाराच्या बाजूने चोख असतो, तरी झोपेपुढे त्याने माघार घ्यायची. खचलेल्या एलियाला देवदूताने आधी निजू दिले, खाऊ घातले, पुन्हा निजू दिले. पुढचा प्रवास त्यानंतर. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरूम नोव्हारूम’मध्ये श्रमाने झिजलेल्या शक्तीच्या प्रमाणात विश्रांती ही मजुराची रास्त मागणी मानली.

कोणीतरी जागलेच पाहिजे, हे खरे. आजाऱ्याच्या उशाशी आई जागते, प्रभू स्वतः रात्रभर प्रार्थनेत जागला. गेथसेमनी बागेत त्याने शिष्यांकडे एक तास मागितला, आणि ते निजले तेव्हा देहाच्या दुबळेपणाचे कारण त्यानेच पुढे केले. मागून घेतलेले जागरण आणि लादलेले जागरण यांत आम्ही फरक करतो.

लग्नसराई आणि उन्हाळी धान एकाच हंगामात येतात. ध्वनिक्षेपकावर रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे. पण पाणी लावून पहाटे परतलेल्या शेजाऱ्याची रात्र सकाळी सहानंतर सुरू होते, आणि मांडवातली गाणीही तेव्हाच.