शांततेचे मोल

1952 साली पॅरिस येथे जाँ देले व प्येर देनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना देऊन पाहिले आणि उन्मादाने पछाडलेली माणसे शांत झाली. हे उपकार आम्ही नाकारीत नाही. परंतु पाचच वर्षांत औषध घेणाऱ्या काहींचे ओठ, जीभ व जबडा आपोआप हलत असल्याची नोंद झाली. 1964 साली या विकाराला ‘टार्डिव्ह डिस्कायनेशिया’ हे नाव मिळाले. मेंदूतील डोपामिनचे ग्राहक वर्षानुवर्षे रोखले गेल्याने ते अतिसंवेदनशील होतात, असे मानतात. गोळी एकाएकी थांबविली तर चाळा वाढू शकतो आणि मूळ व्याधीही उलटू शकते.

आम्हांस बोचते ते निराळेच. पंगतीत एखादा रिकामे तोंड चघळत बसलेला दिसला की शेजारचे कुजबुजतात, ‘याचे वेड अजून गेले नाही.’ वस्तुतः ती खूण रोगाची नव्हे, उपचाराची! पुष्कळदा रुग्णाला त्याची जाणीवही नसते. लाजतात ते घरचे. मग शांतता लाभली कोणाला, आणि मोल मोजले कोणी?

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा समजून दिलेली संमती मागतो. (सरकारी दप्तरात आयुष्य गेल्यामुळे आम्ही जाणतो : सही मिळते, समज मिळतेच असे नाही.) व्हॅल्बेनाझिनसारखी औषधे आता निघाली आहेत, तीही चाळा केवळ आवरतात. डॉक्टरांनी ठराविक काळाने जीभ व बोटे पाहावीत, असा आग्रह घरच्यांनी धरावा. आणि मात्रा कमी-अधिक करण्याचा विषय निघाला म्हणजे रुग्णाला बाहेरच्या बाकावर बसवू नये.