नागपूरचा समुद्र

भारताचा नकाशा फळ्यावर टांगून मी किनारपट्टी शिकवीत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, आपल्या नागपूरला कधीच समुद्र नव्हता का?" वर्ग हसला. मी हसलो नाही. कारण नागपूरला समुद्र होता, आणि तो चांगला ५२ वर्षे होता.

मी मुलांना ती हकीकत सांगितली. १७५१ साली बंगालच्या अलिवर्दीखानाने रघूजीराजे भोसल्यांशी तह केला. वर्षाला बारा लाख रुपये चौथ ठरली आणि ओडिशाचा वसूल नागपूरकडे आला. सुवर्णरेखा नदीपासून चिल्का सरोवरापर्यंतचा किनारा, कटक, बालेश्वर, जगन्नाथाची पुरी, सारे नागपूरच्या सत्तेखाली आले. मुलांच्या छात्या फुगल्या. खोटे कशाला बोलू, माझीही फुगली.

इतक्यात त्याच मुलाने विचारले, "पण तो आपण मिळवला कसा?"

प्रश्न साधा होता, उत्तर साधे नव्हते. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे बंगालवर स्वाऱ्या चालल्या होत्या. १७४४ साली भास्करराम कोल्हटकरांना भेटीस बोलावून दग्याने मारले, हे आपण चवीने सांगतो. त्या स्वाऱ्यांत बंगालची गावे जळाली, हे मात्र गिळून टाकतो. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा शिपाई. आपल्याकडे किती निरुपद्रवी शब्द! बंगालीत त्याचा 'बर्गी' झाला आणि तो अंगाईगीतात जाऊन बसला. तिकडच्या आया मुलांना निजवताना ज्याची भीती घालीत, तो आपला माणूस होता. गंगाराम नावाच्या कवीने त्या दिवसांवर काव्य लिहिले. त्याचे नाव 'महाराष्ट्रपुराण'. नाव आपले, दुःख त्यांचे.

जमेची बाजूही आहे. जगन्नाथाच्या पूजाअर्चेची व्यवस्था मराठ्यांनी नीट ठेवली. पुरीच्या सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कहून आणून उभा केला तो मराठी अमलातच. पण त्याच दारी जाणाऱ्या यात्रेकरूंकडून करही घेतला. पुढे १८०३ साली अडगावला पराभव झाला, देवगावचा तह झाला आणि कटक-बालेश्वर कंपनीकडे गेले. कलकत्ता आणि मद्रास यांमधला किनारा इंग्रजांना सलग मिळाला. नागपूरचा समुद्र संपला.

कोणी म्हणेल, त्या काळी सगळेच तसे वागत. खरे आहे. पण त्याने जळलेल्या घराची राख थोडीच निवते? कोणी म्हणेल, खापरपणजोबांच्या कृत्याशी आमचा काय संबंध? हेही मान्य, मात्र मग त्यांच्या पराक्रमाशी तरी आमचा काय संबंध? बापाची शेती घेतो आणि बापाचे कर्ज नाकारतो, अशा मुलाला गाव सपूत म्हणत नाही. पूर्वजांचे हे देणे पैशाने फिटणारे नव्हे. ते खरे सांगूनच थोडेफार फिटते. आणि सांगण्याचे काम आम्हा मास्तरांकडे आहे.

"म्हणजे आपण वाईट होतो का, गुरुजी?" मुलगा हिरमुसून म्हणाला.

"आपण तेव्हा नव्हतोच, बाळ. पण समुद्र आपला होता असे म्हणालास ना? मग हेही आपले."

लक्ष्मीपूजनाला घरोघर नव्या वह्या पूजल्या जातात. त्यांवर कुंकू वाहताना एवढे ध्यानात असावे, की जमा आणि खर्च एकाच वहीत लिहायचे असतात.