रोग न देणारा विषाणू

विषाणूशास्त्रात नाव होतं ते बहुधा एखाद्या भयंकर रोगावरच्या कामामुळे. अमेरिकेचे केनेथ बर्न्स यांनी मात्र हयात वेचली ती कोणताही रोग नावावर नसलेल्या विषाणूवर. आजच्या जनुकोपचाराचा बराचसा डोलारा त्याच विषाणूवर उभा आहे.

१९६५ साली पिट्सबर्ग विद्यापीठात रॉबर्ट ॲचिसन आणि सहकाऱ्यांना ॲडेनोव्हायरसच्या नमुन्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जेमतेम २५ नॅनोमीटरचे कण दिसले. पेशीत ॲडेनोव्हायरस असला, तरच त्यांची वाढ होई. म्हणून नाव पडलं ॲडेनो-असोसिएटेड व्हायरस, थोडक्यात एएव्ही. नमुन्यातली भेसळ, एवढीच त्याची किंमत.

मग मदतनीस नसताना हा विषाणू जातो कुठे? प्रश्न साधा होता आणि त्याच्या उत्तराने कुणाचा आजार बरा होणार नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डेव्हिड हॉगन यांना माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी तपासताना एक विचित्र गोष्ट आढळली. पेशींत एएव्हीचा मागमूस नसे, पण ॲडेनोव्हायरस घालताच काही पेशींतून तो बाहेर पडे. बर्न्स आणि सहकाऱ्यांनी हाच धागा पकडला. त्यांनी मानवी पेशींना एएव्हीची लागण केली आणि त्या पेशी पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवल्या. बऱ्याच काळाने ॲडेनोव्हायरस दिला, तर एएव्ही पुन्हा हजर! इतका काळ विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएत मुक्काम करून होता आणि पेशीचं काही बिघडलं नव्हतं. १९७५ साली हे काम प्रसिद्ध झालं.

या साऱ्या कामाचा कणा मला इथे दिसतो. शिरकाव, वाढ, नासधूस हे विषाणूचं ठरलेलं चित्र होतं. इथे तो निमूट राहत होता. त्याचं जनुक पेशीत टिकत असेल, तर त्याच्या हाती आपलं जनुक का पाठवू नये?

बर्न्स १९७६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात आले आणि तिथे या विचाराला हात-पाय फुटले. १९८२ मध्ये निकोलस मुझिचका यांच्या प्रयोगशाळेत ज्यूड सॅमुल्स्की या विद्यार्थ्याने एएव्हीचा अख्खा जनुकसंच जिवाणूच्या प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळात, बसवला. ते प्लाझ्मिड ॲडेनोव्हायरससह मानवी पेशींत सोडलं, तर विषाणू त्यातून स्वतःला सोडवून घेऊन पुन्हा तयार झाला. आता त्याची हवी तशी कापाकापी करणं शक्य झालं. १९८३ मध्ये अरुण श्रीवास्तव यांनी बर्न्स यांच्यासह त्याची सुमारे ४,७०० अक्षरं वाचून काढली. दोन्ही टोकांचे १४५ अक्षरांचे तुकडे ठेवले, की मधला मजकूर बदलता येतो, हे पुढे उमगलं. १९८४ मध्ये पॉल हर्मोनाट आणि मुझिचका यांनी परकं जनुक पेशींत पोहोचवून दाखवलं.

गंमत अशी, की पेशीच्या डीएनएत घुसण्यासाठी लागणारं विषाणूचं जनुक औषध बनवताना काढून टाकलं जातं. त्यामुळे जनुक वाहून नेणारे आजचे विषाणू बहुतांशी केंद्रकात वेगळे राहतात. ज्या गुणामुळे कल्पना सुचली तो गळाला आणि कल्पना तरीही तगली.

१९९९ मध्ये पेनसिल्व्हेनियात ॲडेनोव्हायरस वापरून केलेल्या जनुकोपचाराच्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा तरुण दगावला आणि सारं क्षेत्र हादरलं. त्यानंतर सौम्य एएव्हीकडे कल वाढला. २०१७ मध्ये अंधत्वाच्या एका आनुवंशिक प्रकारावर लक्स्टर्ना या एएव्हीवर आधारित औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, २०१९ मध्ये स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारावर तशाच झोल्जेन्स्माला. अर्थात, सौम्य म्हणजे बिनधोक नव्हे. मोठ्या मात्रेने यकृत निकामी होऊन रुग्ण दगावले आहेत. एकदा औषध घेतलं, की शरीर प्रतिपिंडं तयार करतं आणि दुसरा डोस जवळजवळ अशक्य होतो.

झोल्जेन्स्माच्या डोससाठी मुंबई-पुण्यातल्या आईबापांनी लोकवर्गणीतून १६ कोटी रुपये जमवले, ते आपण पाहिलं. त्या वर्गणीला हातभार लावणाऱ्या प्रत्येकाने आता सरकारकडे एक मागणी लावून धरावी: आपल्या विद्यापीठांत, उपयोग दिसत नसलेल्या प्रश्नांवर काम करणाऱ्यांना वीस-वीस वर्षं पैसा द्या.