कढीपत्त्याचा एक शेंडा

श्रावणातला उजेड फोटोला फार मानवतो. आभाळ भरून आलेलं असलं की ऊन ढगांतून गाळून खाली येतं, चहूबाजूंनी सारखं पसरतं, आणि पानांखाली काळ्याकुट्ट सावल्या पडत नाहीत. वैशाखात सकाळचे नऊ वाजून गेले की आमच्या गॅलरीत फोटो काढण्यात अर्थ नसतो. पानं पांढरीफटक येतात. आता मात्र भरदुपारीही कढीपत्त्याचा एकेक हिरवा वेगळा ओळखू येतो. शेंड्याची पालवी तांबूस, त्याखालची पानं पोपटी, बुंध्याकडची गर्द. मधेच सर येऊन गेली की पानाच्या टोकाशी थेंब लोंबतो. त्यावर नीट फोकस साधला तर समोरची इमारत त्यात उलटी दिसते, कारण थेंब म्हणजे एक इवलीशी लेन्सच.

आमची गॅलरी पुण्यातल्या कुठल्याही तिसऱ्या मजल्यावर असते तशी. तुळस, गवती चहा, फळ न धरणारं लिंबू, कपड्यांची दोरी आणि कोपऱ्यात कढीपत्ता. कढीपत्ता सासूबाईंचा. रोजच्या आमटीत त्याची चार पानं पडतात आणि ती फोडणी तडतडायला लागल्यावर, आयत्या वेळी तोडलेलीच हवीत असा आईंचा नेम आहे. या झाडावर दर पावसाळ्यात एक काळं फुलपाखरू येतं. कोवळ्या पानाला जेमतेम पाय टेकवतं, पोट वाकवतं, एक अंडं ठेवतं आणि पुढच्या शेंड्याकडे जातं. अंडं फिकट पिवळं, खसखशीपेक्षा थोडं मोठं. ते ज्याने पाहिलं नाही त्याला ते दिसत नाही, आणि एकदा पाहिलं की दुसरं काही दिसत नाही.

हे कॉमन मॉरमॉन. २०१५ साली महाराष्ट्राने ज्या ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्याच्या कुळातलं. कढीपत्ता आणि लिंबू एकाच घराण्यातले, म्हणून या फुलपाखराला दोन्ही झाडं चालतात. अंड्यातून निघालेली अळी पहिले काही दिवस पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, तपकिरी आणि मधे पांढरट. तिला हेच हवं असतं, शिटेला चोच कोण लावणार? मोठी होता होता ती कात टाकत जाते आणि शेवटच्या कातीनंतर एकदम हिरवी होते. पुढच्या फुगीर भागावर दोन डोळे दिसतात, पण ते नुसते रंगाचे ठिपके असतात. खरं डोकं इवलंसं, खाली दुमडलेलं. तिला जरा धक्का लागला की डोक्यामागून लालसर, दोन टोकांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. तो क्षण टिपायला मी कधीही तिला मुद्दाम डिवचत नाही. वारा येतो, फांदीला फांदी लागते, तेव्हा मिळालं तर मिळालं.

यंदा मी मोबाइलला लावायची छोटी मॅक्रो लेन्स आणली. जवळून काढायचं म्हटलं की जेमतेम काही मिलिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, पुढचं-मागचं सगळं धूसर. त्यात वारा. म्हणून फांदीला कपड्याचा चिमटा लावून तो बांबूच्या काडीला अडकवायचा आणि सावलीच्या बाजूने एखाद्या जुन्या लग्नपत्रिकेचा पांढरा पुठ्ठा धरायचा, म्हणजे अळीच्या पोटाखाली उजेड पोचतो. याहून जास्त सामान लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि घरात असल्यावर तो मिळतो. कुकरच्या दोन शिट्यांच्या मधे बाहेर येऊन बघता येतं, कपडे वाळत घालताना बघता येतं.

ताडोबाला जाऊन वाघ पाहून येणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. तसं लांब जाऊन काढलेल्या फोटोची किंमत मी कमी मानत नाही. पण मला मनापासून असं वाटतं की हौशी माणसाने आधी आपल्या गॅलरीतलं एक झाड धरावं. वाघ रस्ता ओलांडतो तेवढा वेळ आपला. त्याने काल काय केलं आणि उद्या काय करणार हे आपल्याला कळत नाही. कढीपत्त्यावरच्या या अळीने मंगळवारी कुठलं पान खाल्लं, बुधवारी कुठे कात टाकली, आणि टाकलेली कातच कशी खाऊन टाकली, हे सगळं मला ठाऊक आहे. फोटो हा त्या ओळखीतून निघतो, म्हणून त्याच्या मागे दिवस असतात.

हे काही आजचं नाही. आज टिकून असलेला जगातला सगळ्यात जुना कॅमेऱ्याने काढलेला फोटो घराच्या खिडकीतूनच काढलेला आहे. फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स यांनी १८२६-२७च्या सुमारास आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरून समोरची छपरं टिपली. डांबरासारखा लेप दिलेला धातूचा पत्रा किमान आठ तास, कदाचित त्याहूनही जास्त, उजेडात ठेवावा लागला. तेवढ्या वेळात सूर्य इकडून तिकडे गेला आणि त्या चित्रात घरांच्या दोन्ही बाजूंवर ऊन पडलेलं दिसतं. पुढे १८३५ साली इंग्लंडमध्ये फॉक्स टालबट यांनी जपून राहिलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह घेतली, तीही राहत्या घरातल्या जाळीदार खिडकीची. त्यांचे लाकडी खोक्यांसारखे छोटे कॅमेरे घरभर ठेवलेले असत. त्यांना त्यांची पत्नी कॉन्स्टन्स उंदरांचे सापळे म्हणायची. प्रागच्या योसेफ सूदेक यांचं तर मला राहून राहून नवल वाटतं. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला हा माणूस १९४० पासून चौदा वर्षं आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढत राहिला. शहरावर जर्मन फौजांचा ताबा होता तेव्हाही. काचेवरचं धुकं, दव, बर्फ आणि पलीकडचं एक वाकडं झाड. तेवढ्यावर त्याला पुरलं.

आमच्याकडे या सगळ्याला घराची साथ लागते, कारण झाड एक आणि त्यावर हक्क सांगणारे दोन. अळी तीनेक आठवड्यांत चांगलीच पानं संपवते. पण यंदा आईंनीच सकाळी हाक मारली, "अगं, या बाजूच्या शेंड्याला हात लावू नकोस. तिथे बसलंय ते. मी मागच्या फांदीची पानं घेतेय." काही दिवसांनी त्यांनीच सांगितलं की ते आता खात नाही, नुसतं फिरतंय. अळी कोष करायला जागा शोधत होती. तिने शेपटीकडची बाजू फांदीला चिकटवली, कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेतला आणि त्यावर रेलून राहिली. पानांत केलेला कोष बहुधा हिरवा असतो, सुक्या काडीवरचा तपकिरी.

सगळे कोष फुलपाखरापर्यंत पोचत नाहीत. एकावर बारीक भोक पडलं आणि त्यातून मुंगीहून लहान परजीवी माश्या निघाल्या. त्याचाही फोटो मी ठेवला आहे. झाडावर घडलं ते सगळं या फोटोंत असायला हवं.

दुसरा मात्र काळा पडत गेला. आतले पंख सालीतून दिसायला लागले की समजायचं, उद्या सकाळी. आई साडेसहालाच खुर्ची टाकून बसल्या होत्या. डोक्यामागे साल तडकली, पाय बाहेर आले आणि फुलपाखरू इतक्या झटकन निघालं की मला एकच फ्रेम मिळाली. पंख तेव्हा चुरगळलेले, नखाएवढे. मग ते कोषाच्याच रिकाम्या सालीला लटकलं आणि पंख हळूहळू उलगडत गेले, शरीरातला द्रव शिरांत चढत गेला तसे. सोंड सुरुवातीला दोन सुट्या धाग्यांची असते. ते गुंडाळून, उलगडून ती एक करतं. मधेच तांबूस थेंब खाली पडला. "रक्त नाही ना गं ते?" आईंनी विचारलं. नाही, कोषात असताना साठलेला मळ तो, जन्माला येताना टाकून देतात. मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी रांग होती. यावरून नर म्हणावा तर तसंही नाही, कारण या जातीत माद्यांचे तीन अवतार असतात. एक नरासारखाच. उरलेले दोन पक्ष्यांना न रुचणाऱ्या दोन लालसर फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करतात.

परवा संध्याकाळी या पावसाळ्यातले फोटो ओळीने लावून पाहिले. कितीतरी फोटोंच्या कडेला आईंचा हात आला आहे. हिरव्या बांगड्या, पान खुडताना वाकलेली दोन बोटं, कधी नुसतं मनगट. अळीवर फोकस असल्यामुळे हात धूसर आहे, पण तो कुणाचा हे लगेच कळतं. मी एकाही फोटोतून तो कापलेला नाही. घरातल्या माणसांचे आमच्याकडे असलेले बहुतेक फोटो बारशाचे, मुंजीचे, वाढदिवसांचे. जरीच्या साड्या आणि कॅमेऱ्याकडे रोखलेली नजर. रोज सकाळी या झाडाशी उभ्या असलेल्या आई त्यांत कुठेच नाहीत.

दिवाळीच्या आत यातले निवडक फोटो कागदावर छापून घेणार आहे. मोबाइलवर दाखवलेलं आई हं हं करत पुढे ढकलतात. हातात फोटो दिला की चष्मा लावून बघतात, आणि कुठली फांदी कधी छाटली, कुठल्या पावसात कुंडी आडवी झाली होती, ते फोटोच्या मागे मला पेनने लिहायला लावतात.