पोरक्या लेकराचे गुरुजी

एकनाथमहाराजांचे मातापिता बाळपणीच निवर्तले. पैठणास आजोबा चक्रपाणींनी त्यांना वाढविले. २०२० व २०२१ सालच्या कोरोनाच्या साथीतही पुष्कळ लेकरे पोरकी झाली आणि पुढे शाळा उघडताच वर्गात येऊन बसली. अशा लेकरांच्या गुरुजनांस आम्ही हात जोडून विनवितो. ‘बाबा देवाघरी गेले’ म्हटले, की लहानगे विचारते, ‘मग परत कधी येणार?’ आणि वाट पाहून पाहून देवावरच रुसते! म्हणून ‘ते वारले, आता येणार नाहीत’ असे मायेने, पण स्पष्ट सांगा. रडू आले तर रडू द्या. ‘माझे बाबा’ हा निबंध घालण्याआधी त्याला एकांतात विचारा. ऊर भरून आल्यास कोणत्या गुरुजींजवळ जाऊन बसावे, हे आधीच ठरवून द्या. खरे बोलून जवळ बसणे, हीही विठ्ठलाची सेवाच, बरं का! रामकृष्णहरि.