काळजी करू नका, असं म्हणताना

गंगोत्रीहून निघून कालिंदी खाल ही खिंड ओलांडायची आणि बद्रीनाथला उतरायचं, असं आमच्या धुळे-जळगावच्या गटानं ठरवलं आहे. आराखडा माझ्याकडे आहे. म्हणून काही प्रश्न आधी मी स्वतःलाच विचारायला हवेत.

खिंड ५,९०० मीटरच्या वर आहे. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर, धुळे त्याहून थोडं उंच. सरावाला आम्ही लळिंगचा किल्ला चढतो, पाठीवर वजन घेऊन तोरणमाळला जातो, दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेची वाट तुडवतो. पाय तयार होतात, दम वाढतो. पण ५,५०० मीटरवर हवेचा दाब निम्म्यावर येतो आणि त्या हवेला रुळण्याचे दिवस सातपुड्यात भरून काढता येत नाहीत. उलट तगडा गडी डोकं ठणकत असतानाही चालत राहतो आणि छातीत पाणी धरेपर्यंत बोलत नाही.

गटातल्या एका मुलाची आई मला म्हणाली, "भाऊ, मन्हा आंडोरले संभाळजो." तिला 'काळजी करू नका' म्हणणं सोपं आहे. पण ते म्हणायचा अधिकार मला कशानं मिळतो? जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालाला गेलेल्या २२ जणांच्या गटातले कर्नाटकचे ९ जण खराब हवामानात दगावले. ती जागा तर कालिंदीपेक्षा हजार मीटरहून अधिक खाली आहे.

तो अधिकार राखीव दिवसांतूनच मिळतो, असं मला आता वाटतं. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण रजा मोजक्या, भुसावळची परतीची तिकिटं आगाऊ काढायची, कुणाची कापूस वेचणी तोंडावर. मग कात्री लागते ती वाटेवरच्या नंदनवन आणि वासुकी तालच्या जादा मुक्कामांना, कारण कागदावर ते रिकामे दिसतात. गंगोत्री सोडली की थेट बद्रीनाथजवळच्या माणापर्यंत गाव नाही. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगता येत नाही. तिथे कुणी आजारी पडला, तर त्याला खाली आणायला आपलेच आणि पोर्टरांचे खांदे.

आणि त्या खांद्यांचाही विचार येतो. आमच्या पोरांच्या आया मला गाठून बोलतात. पोर्टरांच्या घरून मला विचारायला कुणी येणार नाही. आपल्या जॅकेटसाठी आम्ही दहा दुकानं पालथी घालतो. पोर्टर मात्र साध्या कापडी बुटांत, गॉगलशिवाय हिमनदीवर आमचंच रॉकेल आणि पीठ वाहतो, आणि संध्याकाळी त्याचे डोळे लाल होऊन पाणी गळत असतं. आराखड्यात पोर्टरांच्या नावापुढे 'एजन्सी बघेल' एवढंच लिहून मला झोप लागेल का? नाही लागणार. मला खिंड हवी आहे की खिंड ओलांडल्याचं नाव, याचं खरं उत्तरही त्या ओळीतच मिळतं.

तिकिटं काढण्याआधी बैठक घेतो आहे. दोन जादा मुक्काम कायम. पोर्टरांचे बूट, गॉगल, विमा वर्गणीतून. ठरलेल्या तारखेपर्यंत हवामान उघडलं नाही, तर सगळे मागे. वर्गणी वाढेल, काहींची रजा पुरणार नाही. त्यांत आमचे सगळ्यांत दमदार दोघे आहेत. त्यांना यंदा येऊ नका म्हणावं लागेल, आणि ते मलाच सांगावं लागेल.