अडथळा दूर करा, कष्ट राहू द्या



गेल्या महिन्यात रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर आपल्या हॉलमध्ये पालक, शिक्षक आणि आठवी ते दहावीची मुले यांची एकत्र सभा झाली. विषय साधा होता : मुलांच्या अभ्यासात मोबाइल आणि संगणक किती असावा? अर्ध्या तासात आटोपेल असे मला वाटले होते. दुपारची बाराची घंटा झाली तरी कोणी उठेना.

एक वडील म्हणाले, "फादर, २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा शाळेनेच सांगितले, मुलाला मोबाइल घेऊन द्या. मी हप्त्यावर घेऊन दिला. आता तीच शाळा सांगते, मोबाइल काढून घ्या. आम्ही नक्की करायचे तरी काय?"

दहावीतली एक मुलगी उठली. "गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो. पुस्तकातल्या धड्यावर क्यूआर कोड छापलेला असतो. पण घरी मोबाइल हातात घेतला की आई ओरडते. आणि ओरडताना तिच्या हातात तिचा मोबाइल असतो!" सगळा हॉल हसला. तिची आईसुद्धा हसली.

मग एक शिक्षिका बोलल्या. त्यांनी निबंधाच्या वह्या तपासायला घेतल्या होत्या. सात वह्यांमध्ये तोच परिच्छेद, आणि भाषा अशी की त्यांच्या स्टाफरूममध्येही कोणाला तशी लिहिता आली नसती. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. "फादर, मला मुलांच्या चुकांची आठवण आली," असे त्या म्हणाल्या. त्यांच्या शेजारचे सर म्हणाले, "आम्ही तरी कुठे सुटलो आहोत? ऑनलाइन माहिती भरा, फोटो पाठवा, ऑनलाइन प्रशिक्षण घ्या. वर्गात शिकवायचे कधी?"

घरी आल्यावर मी विचार करत बसलो. या सभेत खोटे कोणीच बोलले नव्हते. पालकांना मोबाइलमध्ये धोका दिसतो, मुलांना सोय दिसते आणि शिक्षकांना वाढलेले काम दिसते. वस्तू एकच असली तरी ज्याचे दुखणे जिथे आहे तिथून तो तिच्याकडे पाहतो. म्हणून 'मोबाइल चांगला की वाईट' हा वाद कितीही घातला तरी सुटत नाही.

ग्रामीण भारतातील मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणारा 'असर' हा अहवाल आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. त्याच्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातील १०० पैकी सुमारे ८२ मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर सुमारे ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. हे आकडे पाहून मुलांना दोष देणे सोपे आहे. पण मोठ्यांची अशीच पाहणी केली तर काय निघेल, हा प्रश्न मी माझ्यापुरता टाळू शकलो नाही.

मग विचारायला हवे तो प्रश्न कोणता? माझ्या मते तो असा आहे : हे यंत्र माझ्या मुलाचा अडथळा दूर करते, की त्याचे कष्ट काढून घेते?

अडथळा आणि कष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दृष्टिहीन विद्यार्थ्याला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा संगणक त्याचा अडथळा दूर करतो. पाठ समजून घेण्याचे काम त्याचे त्यालाच करावे लागते. लॉकडाऊनमध्ये शाळेचे दार बंद होते, तेव्हा मोबाइलने ते थोडेसे किलकिले केले. तोही अडथळाच होता. हृदयाच्या झडपा कशा उघडतात आणि मिटतात हे फळ्यावरच्या चित्रापेक्षा हलत्या चित्रात चांगले कळते. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु निबंध लिहायला बसल्यावर पहिले वाक्य सुचत नाही, खोडावे लागते, पुन्हा लिहावे लागते, हा अडथळा नव्हे. हेच शिक्षण आहे. ते काढून घेतले तर वही भरते आणि मूल रिकामे राहते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्हाला अभ्यासाला होता. १३ व्या शतकात त्यांनी प्रश्न मांडला : एक माणूस दुसऱ्याला शिकवू शकतो का? त्यांनी शिक्षकाची तुलना वैद्याशी केली. वैद्य औषध देतो, पण बरे होण्याची शक्ती रोग्याच्या शरीरातच असते. वैद्य तिला मदत करतो. त्याचप्रमाणे शिक्षक विद्यार्थ्याच्या बुद्धीत ज्ञान ओतत नाही. बुद्धीचा प्रकाश देवाने मुलाला आधीच दिलेला आहे, आणि शिक्षक त्याला वाट दाखवतो. चालायचे मुलालाच आहे. शिक्षकालाही जे मुलाऐवजी करता येत नाही, ते यंत्र कसे करील?

फ्रेंच विचारवंत सिमोन वेल यांनी १९४२ साली शालेय अभ्यास आणि प्रार्थना यांवर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : भूमितीच्या एखाद्या उदाहरणाशी मूल तासभर झटले आणि उत्तर आले नाही, तरी तो तास फुकट जात नाही. त्या तासात त्याची लक्ष देण्याची शक्ती वाढलेली असते. हीच शक्ती पुढे प्रार्थनेत लागते आणि दुःखी माणसाचे ऐकून घेतानाही लागते. मला हे फार मोलाचे वाटते. गणिताच्या वहीवर आज जो मुलगा दहा मिनिटे टिकू शकत नाही, तो उद्या आजारी बापाच्या खाटेशेजारी किती वेळ टिकेल?

२८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेवर 'आन्तिक्वा एत नोव्हा' हे पत्रक काढले. त्यातही हीच काळजी आहे. विद्यार्थ्याला स्वतः उत्तरापर्यंत पोहोचू देण्याऐवजी तयार उत्तर हातात ठेवणाऱ्या साधनांबद्दल ते सावध करते, आणि शिक्षकाच्या प्रत्यक्ष सहवासाची जागा यंत्र घेऊ शकत नाही असेही सांगते. पण पत्रकाने तंत्रज्ञानाकडे पाठ फिरवलेली नाही. सभेत एका मुलाने मला हटकलेच होते, "फादर, संत कार्लो अक्युटिस पण संगणकावर बसायचा!" अगदी खरे. १५ व्या वर्षी, २००६ साली वारलेल्या आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत घोषित झालेल्या या मुलाने पवित्र कम्युनिअनविषयीच्या चमत्कारांची माहिती गोळा करून वेबसाइट तयार केली. ते त्याचे स्वतःचे कष्ट होते. व्हिडिओ गेमसाठी त्याने आठवड्याला एक तासाची मर्यादा स्वतःच घालून घेतली होती, असेही त्याच्याविषयी सांगितले जाते.

आता एक अडचण उरते. अडथळा कुठे संपतो आणि कष्ट कुठे सुरू होतात? इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलीच्या घरी कोणालाच इंग्रजी येत नाही. ती मोबाइलवर धड्याचे भाषांतर करून वाचते. हा अडथळा दूर झाला की कष्ट वाचले? पहिल्या महिन्यात कदाचित अडथळा दूर झाला. वर्षभर तेच चालले तर ती इंग्रजी शिकणारच नाही. याला सरसकट नियम नाही. त्या मुलीला जवळून ओळखणारा माणूसच हे ठरवू शकतो. म्हणजे फिरून प्रश्न आपल्याकडेच येतो : तिला जवळून ओळखणारे कोणी आहे का? शाळेत एका वर्गात साठ मुले, घरी आई-वडील दोघेही कामावरून थकून आलेले. मुलाचे ऐकायला ज्याच्याकडे नेहमी वेळ असतो, असा घरात एकच उरतो, आणि तो मोबाइल असतो.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. सभेनंतर काही दिवसांनी एक मुलगा माझ्या ऑफिसात आला. त्याला काहीतरी सांगायचे होते. मी "बोल बाळा" म्हटले, आणि त्याच वेळी टेबलावर आलेला निरोप वाचू लागलो. मान वर केली तेव्हा तो गप्प होता. "काही नाही फादर, नंतर येतो," म्हणाला आणि गेला. तो आला नाही. मी त्याला गाठून विचारले तेव्हा म्हणाला, "आता काही नाही, फादर." त्याला काय सांगायचे होते ते मला अजून कळलेले नाही. सभेत दोन तास मी मुलांना लक्ष देण्याविषयी सांगितले होते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक प्रयोग सुरू केला. संध्याकाळी सात वाजता गावातल्या मंदिरावरचा भोंगा वाजायचा आणि घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद व्हायचे. साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा. हा नियम मोठ्यांनाही होता, ही त्यातली मला सर्वात आवडलेली गोष्ट. आपल्याकडे भोंगा नाही, पण घंटा आहे. पूर्वी संध्याकाळची घंटा झाली की घरातली माणसे हातातले काम ठेवून एकत्र येत आणि रोझरी म्हणत. घंटा आजही वाजते. तिला ओ देणे आपण विसरलो आहोत.

मी सक्ती करणार नाही. एवढेच सुचवतो की संध्याकाळच्या घंटेनंतर एक तास घरातले सगळेच मोबाइल एका जागी ठेवावेत, आई-वडिलांचे आधी. त्या तासात मुलाला शिकवता आले पाहिजे असे नाही. आपण चौथी शिकलेले असाल तरी त्याच्या शेजारी बसा आणि "आज काय शिकलास, मला सांग" एवढे म्हणा. सांगता सांगता त्याचा धडा पक्का होईल. शिक्षकांना विनंती आहे की गृहपाठ शक्यतो वर्गातच, वहीत लिहून द्यावा. आणि मुलांनो, चुका करा. तुमच्या बाईंना त्यांची आठवण येते आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांच्या येशूची हकीकत आहे. त्या एकाच प्रसंगात आई-वडील आहेत, शिक्षक आहेत आणि विद्यार्थीही आहे. येशू गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. त्या गुरुजनांना त्याच्यासाठी वेळ होता. मरिया आणि योसेफ तर त्याला तीन दिवस शोधत होते. आपली मुले हरवलेली नाहीत, शेजारच्याच खोलीत आहेत. तरीही त्यांना शोधायला जावे लागेल.

संध्याकाळच्या त्या एका तासात माझा मोबाइल कपाटात असेल आणि ऑफिसचे दार उघडे असेल. त्या मुलालाही हे कळावे, म्हणून इथे लिहिले.

आपला,
फादर